मद्यपान व प्रोस्टेटचा कर्करोग

‘यांनी दारूला कधी स्पर्शही केला नाही, मग प्रोस्टेटचा कर्करोग कसा?’ असे रुग्णांचे कुटुंबीय विचारतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली मद्यास कर्करोगकारक ठरविले; मुख, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्तन यांच्याबाबत आज पुरावा ठोस आहे. खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेतील संशोधकांनी २०२५ साली गालाच्या कर्करोगाबाबतही तेच दाखविले; तंबाखूची जोड असल्यास धोका अधिकच. प्रोस्टेटविषयी मात्र अभ्यासांत एकवाक्यता नाही. तेथे वाढते वय व पिता-बंधूंस झालेला हाच आजार, ही प्रमुख कारणे होत. तेव्हा केवळ निर्व्यसनीपणाच्या भरवशावर राहू नये. आरंभी हा रोग बहुधा लक्षणेच दाखवीत नाही. पन्नाशीनंतर ‘पीएसए’ ही रक्ततपासणी करावी काय, हे डॉक्टरांना विचारावे. घराण्यात आजार असल्यास त्याहून लवकर.