सिंदखेडचे जाधव

इंग्लंडमध्ये जुन्या सरदार घराण्यांचे वाडे ठिकठिकाणी उभे आहेत. सारी मिळकत ज्येष्ठ पुत्रालाच देण्याची तेथे रीत होती. त्यामुळे वाडा आणि भोवतालची जमीन कित्येक पिढ्या एकसंध राहिली. आपल्याकडे वतनात सर्व भावांचा वाटा असे. म्हणून आपल्या सरदारांच्या दौलतीचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. तो पाहावयाचा असेल, तर जालन्याच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरांवर, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीत असलेल्या सिंदखेड राजा या गावी जावे.

येथील जाधव स्वतःस देवगिरीच्या यादवांचे वंशज मानीत. लखुजीराव जाधव हे निजामशाहीतील मातब्बर सरदार. त्यांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म झाला. वाड्याचे उंच प्रवेशद्वार आजही वाटसरूचे लक्ष वेधून घेते. परंतु मुलांनो, वाडा पाहून परत फिरू नका. गावातील तलावही पाहा. मोती तलावाला भक्कम दगडी बांध आहे. चांदणी तलावाच्या मध्यभागी तीन मजली वास्तू आहे. पुतळा बारवेच्या भिंतींवर तर मूर्तींची रांगच कोरलेली आहे. पावसाची नेहमी ओढ असलेल्या या मुलखात धन्याने पाण्यावर केलेला खर्च रयतेला वाड्यापेक्षा अधिक मोलाचा वाटला असेल.

त्या काळी दख्खनेत निजामशाही आणि मोगल यांचा झगडा चालला होता. लखुजीराव काही काळ मोगलांकडे गेले आणि पुन्हा निजामशाहीत परतले. निजामशहाच्या मनात मात्र संशय राहिला. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात मुजऱ्यासाठी आलेल्या लखुजीरावांवर अकस्मात घाला पडला. अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू यांच्यासह ते तेथेच ठार झाले. जिजाबाईंचे माहेर एका दिवसात ओस पडले. त्यानंतर सात महिन्यांच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मास आले.

लखुजीरावांचे बंधू जगदेवराव यांनी मोगलांची चाकरी पत्करली व घराणे सावरले. पुढे मराठ्यांचे सेनापती झालेले धनाजी जाधव हेही याच कुळातले. एकाच घराण्याची माणसे अशी परस्परविरोधी फौजांत लढत होती! कुळाच्या शाखा आसपास पसरल्या. देऊळगाव राजा, आडगाव राजा, किनगाव राजा या गावांच्या नावांतील ‘राजा’ हा शब्द त्यांचीच आठवण देतो.

जहागीर अखेर निजामाच्या अमलात गेली. १८५१ मध्ये जहागीरदार बाजीरावांच्या पदरी असलेल्या अरब शिपायांनी निजामाच्या सैन्याशी लढाई केली. त्यापायी दौलत जप्त झाली. बाजीराव १८५६ मध्ये कैदेत वारले. कैदेची जागा होती दौलताबाद. जेथे लखुजीराव मारले गेले, तेच दौलताबाद.

सिंदखेड येथील लखुजीरावांची समाधी विशाल आहे. २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याने तिच्या जीर्णोद्धाराचे काम चालविले असता जवळच जमिनीखाली एका प्राचीन मंदिराचा पाया लागला. आणखी खोदताच शेषशायी विष्णूची एक सुरेख, जवळजवळ अखंड मूर्ती प्रकट झाली. जाधवांच्या पूर्वीही येथे कोणी कलासक्त धनी नांदत होता, एवढे तिच्यावरून स्पष्ट दिसते.