ऊसगाडीच्या बैलांसाठी: काय करावे, काय टाळावे

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या रस्त्यांवर टायरगाड्यांची रांग लागते. शिगोशीग मोळ्या, तोंडाला फेस आलेले बैल, खांद्यावर सोललेली कातडी. हे पाहून गप्प बसू नये. मात्र आपले बोलणे आसूड धरणाऱ्या हातापाशीच थांबले, तर जुवाखालचा भार हलका होत नाही. मजुरी टनावर मिळते आणि डोक्यावर मुकादमाची उचल असते, म्हणून ऊस तोडून वाहणारा गाडीवान मोळीवर मोळी चढवतो. बोलायचे ते या हिशेबाविरुद्ध.

काय करावे

- गाडीवानाशी आधी माणसासारखे बोलावे. "मामा, डाव्या बैलाचा खांदा आलाय, जरा सोडा की," एवढे पुरते. तो बैल त्याचीच पुंजी आहे. खांदेसूज त्याला आपल्या आधी दिसलेली असते. थांबायला सवड नसते, इतकेच.

- नियम पाठ असावेत. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात कलम 11 च्या पहिल्याच पोटकलमात मारहाणीसोबत जादा भार लादणे हाही गुन्हा आहे. गाडी ओढणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे वेगळे नियम आहेत: दिवसात एकूण 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी 12 ते 3 जुंपायचे नाही. फेब्रुवारी-मार्चमधल्या दुपारी ही शेवटची अट विशेष लक्षात ठेवावी.

- साखर कारखान्याला ऊस घालणारे सभासद असाल तर त्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहावे. सगळ्यांत मोठे काम इथेच होते. प्रत्येक गाडीचे वजन काट्यावर होते, पावतीवर छापले जाते. म्हणजे जादा भाराचा पुरावा कारखान्याच्याच दप्तरात असतो. तो मागावा. भार कमी ठेवूनही तोडकऱ्याचे घर चालेल असा दर मागावा. नंबर लागेपर्यंत बैल जुंपलेलेच उभे राहतात, त्यासाठी सावली, पाण्याचा हौद आणि गाडी सोडायला जागा मागावी. हंगामात तळावर पशुवैद्य यावा, असा ठराव मांडावा.

- जुवाखालच्या आधारचाकाचा आग्रह धरावा. सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये असे फिरते चाक बनवून दाखवले. मानेवरचा भार त्या चाकावर उतरतो. इतकी साधी गोष्ट गाडीगाडीला का नसावी?

- बैल घसरून पडला तर आधी चाकांना उटी लावावी, मग जुपणी सोडावी किंवा सरळ कापावी. गाडी मागून धरायला चार माणसे बोलवावीत. 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागावी.

- गाडीच्या मागे चमकती पट्टी लावून द्यावी. रात्रीच्या धडकेत बैलही मरतात, माणसेही.

काय टाळावे

- पडलेल्या बैलाची शेपटी पिरगाळू नये, कोणाला पिरगाळू देऊ नये. धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाते.

- गाडीवानाचा चेहरा दाखवणारा व्हिडिओ पसरवू नये. तक्रारीसाठी चित्रण जरूर करावे, पण त्यात गाडी, भार, जखम, जागा आणि वेळ दिसावी, आणि ते पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडे लेखी अर्जासोबत द्यावे. बीडहून बायकोपोरांसह आलेल्या माणसाला गावभर शिव्या खायला लावून बैलाला काहीच मिळत नाही.

- "दंडच 10 ते 50 रुपये, मग तक्रार कशाला?" असे म्हणून परत फिरू नये. पहिल्या गुन्ह्याचा दंड खरोखरच तेवढा आहे आणि तो लाजिरवाणा आहे. पण नोंद झाली की कारखान्याला विचारता येते. जनावराला ठार किंवा अपंग केले तर भारतीय न्याय संहितेचे कलम 325 लागते आणि 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

- पराणीला टोकदार आर लावू नये. टोकदार काठी 1965 च्या नियमांनीच बंद आहे.

- बेंदराच्या आदल्या दिवशी खांदे मळून हंगामात तेच खांदे विसरू नयेत. सणाला शिंगे साळू नयेत. त्याने शिंगाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे पशुवैद्य सांगतात. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे बैल उभा करू नये.

- "बैलगाड्याच बंद करा" ही मागणी घाईने करू नये. ट्रॅक्टर आला तर बैल सुटेल हे खरे, पण उचल अंगावर असलेल्या जोडप्याचा वाहतुकीचा पैसा जाईल, आणि त्या बैलाला दावण कोण देणार हेही कोणी ठरवलेले नसेल. आधी भार उतरवावा, दर वाढवावा. गाड्या थांबवायच्या झाल्या तर त्या घराला दुसरे काम आणि त्या बैलाला चारा, दोन्हींची तजवीज त्याच ठरावात लिहून घ्यावी.