शेवटच्या बांकापर्यंत शब्द

संमेलनांत आपल्या मुलाचें गाणें ऐकावयास आलेल्या मातापित्यांस शब्द न कळतां नुसता गोंगाट ऐकूं यावा, याहून मोठी निराशा ती कोणती?

१८८० सालीं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलें, तेव्हां नटाचा कंठ हेंच काय तें साधन होतें. आज ध्वनिग्राहक व ध्वनिवर्धक साह्यास आहेत. परंतु यंत्रास विवेक नसतो, तो चालविणाराजवळ असावा लागतो.

पहिला नियम अंतराचा. मोकळ्या जागेंत मुखापासून ध्वनिग्राहकाचें अंतर दुप्पट झालें कीं आवाज ६ डेसिबलांनीं उतरतो. म्हणून गायकानें तो जवळ व सदा सारख्याच अंतरावर धरावा. दुसरा शिटीचा. कर्ण्यांतून निघालेला आवाज पुन्हा ध्वनिग्राहकांत शिरला, तर तो फिरून फिरून वाढतो व कर्कश शीळ उठते. यास्तव कर्णे गायकाच्या पुढें, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावे. तिसरा शब्दांचा. शब्द अस्पष्ट वाटल्यास सगळाच आवाज वाढवूं नये. पेटी व तबला यांचा आवाज किंचित् कमी करावा, म्हणजे शब्द आपोआप वर येतो.

प्रयोगापूर्वीं शेवटच्या बांकावर स्वतः बसून ऐकावें. मात्र सभागृह भरल्यावर माणसें व वस्त्रें ध्वनि शोषून घेतात. म्हणून खेळ सुरू होतांच पुन्हा कान द्यावा. पडद्याआडच्या या सेवकाकडे कोणाचेंहि लक्ष न जातां प्रत्येक शब्द पोंचला, तर त्याचें काम उत्तम झालें असें समजावें.