कोंबड्यांचा सांसर्गिक श्वासरोग : विषाणूची किल्ली व पेशीचे कुलूप

सन २०२० च्या आरंभी कोंबडीच्या मांसापासून माणसास कोरोना होतो, अशी अफवा पसरली. कोंबड्यांचे भाव कोसळले व अनेक कुक्कुटपालकांना तोटा सोसावा लागला. या अफवेत तथ्य नव्हते. तथापि कोंबड्यांना त्यांचा स्वतःचा एक कोरोना विषाणू होतो, हेही खरे आहे. या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकाच तत्त्वाने होतो.

ग्राही म्हणजे काय?

विषाणू स्वतंत्रपणे वाढू शकत नाही. त्यास सजीव पेशीत शिरावे लागते. कोरोना विषाणूच्या अंगावर काटे असतात. पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या रेणूस हा काटा जुळतो, त्यास ग्राही म्हणतात. काटा ही किल्ली, तर ग्राही हे कुलूप होय. कोणत्या प्राण्यास व शरीराच्या कोणत्या भागास रोग जडावा, हे बहुतांशी या जुळणीवर अवलंबून असते.

माणसातील कोविडच्या विषाणूचा ग्राही एसीई-२ हे प्रथिन होय. ते नाकातील व फुप्फुसांच्या वायुकोशांतील पेशींवरही असते. म्हणून विषाणू खोलवर पोहोचल्यास आजार गंभीर होऊ शकतो. कोंबडीतील हे प्रथिन वेगळ्या घडणीचे असून, २०२० साली प्रयोगात हा विषाणू कोंबड्यांना देऊन पाहिला असता तो त्यांच्यात रुजला नाही.

कोंबड्यांतील रोग

कोंबड्यांचा हा रोग १९३१ साली अमेरिकेतील नॉर्थ डकोटा येथे प्रथम नोंदला गेला. पालक त्यास ‘आय. बी.’ म्हणतात. याचा विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरावरील सियालिक आम्लयुक्त शर्करेस चिकटतो. या अस्तरावरील बारीक लव धूळ व जंतू बाहेर लोटीत असते. ती नष्ट झाली की ई. कोलायसारख्या जंतूंना वाट मोकळी होते आणि मरतूक वाढते. पिल्ले चोच उघडून धापा टाकतात, शिंकतात. गळ्यात घरघर ऐकू येते. मान वाकडी होणे हे मात्र राणीखेत रोगाचे लक्षण समजावे.

काही प्रकारचे विषाणू मूत्रपिंडे व अंडनलिकाही बिघडवितात. पहिल्या दोन आठवड्यांत लागण झालेली मादी पुढे धष्टपुष्ट दिसते, परंतु अंडी देत नाही. मोठ्या कोंबड्यांची अंडी खडबडीत, पातळ कवचाची व पाणचट पांढऱ्या बलकाची निघतात.

पालकांनी घ्यावयाची काळजी

१. लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर द्यावी. ती पाण्यातून देताना त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नसावी. विषाणूचा काटा बदलत असल्याने एका प्रकारची लस दुसऱ्या प्रकारावर पुरेशी पडेलच असे नाही. म्हणून लस दिलेल्या कळपावरही लक्ष ठेवावे.

२. एका घरात एकाच वयाचे पक्षी ठेवावेत. कळप विकल्यावर घर धुऊन, निर्जंतुक करून काही दिवस रिकामे ठेवावे.

३. तुसाची गादी कोरडी राखावी. ओल्या गादीतून उठणाऱ्या अमोनियाच्या वासाने हीच लव दुर्बळ होते. पिल्लांना ऊब द्यावी, पण हवा कोंडू देऊ नये.

४. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही. त्याचा उपयोग मागाहून आलेल्या जंतूंपुरताच असल्याने सल्ल्याविना ते वापरू नये.

हा रोग माणसास होत नाही, ही गोष्ट ग्रामसेवकांनी गावोगाव समजावून सांगावी. अफवेने होणारे नुकसान रोगाच्या नुकसानीहून कमी नसते.