मेन स्विच किती अँपिअरचा?

प्रश्न : हुबळीत कोप्पीकर रस्त्यावर आमची दुमजली इमारत आहे, खाली दुकाने, वर दवाखाना. वीज कंपनी हेस्कॉमचा मंजूर भार 25 किलोवॉट, थ्री-फेज. मेन स्विच कोणता घ्यावा?

उत्तर : 415 व्होल्टला, 0.85 पॉवर फॅक्टर धरून, प्रवाह सुमारे 41 अँपिअर होतो. 63 अँपिअरचा चार पोलचा एमसीसीबी (मोल्डेड केस सर्किट ब्रेकर) घ्या. जनरेटर असेल तर न्यूट्रलही तुटायला हवा. केबलही 63 अँपिअर पेलणारीच हवी. पण खरी मेख शॉर्टसर्किट तोडण्याच्या क्षमतेत आहे. 250 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर अगदी जवळ असेल तर दोषप्रवाह आठ-नऊ हजार अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून 10 किलोअँपिअरवर भागवू नका, 25 चा घ्या. आणि कुलूप लावता येणारे हँडल आग्रहाने मागा. वर काम करणाऱ्या वायरमनचा जीव त्यावर अवलंबून असतो.