शंका-समाधान : अपडेट केलं आणि बॅटरी बसली

फोनचं मोठं अपडेट आलं की पुढच्या आठ-दहा दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो : ‘काल रात्री अपडेट केलं, आज दुपारीच चार्जर शोधायची वेळ आली.’ या वेळी हैदराबादच्या निरनिराळ्या भागांतली पाच पत्रं निवडली आहेत. तक्रार एकच आहे, पण पाचही फोनच्या आत घडलंय ते वेगवेगळं. त्यामुळे उपायही वेगवेगळे.

शंका : माझा अँड्रॉइड फोन दोन वर्षांचा आहे. सकाळी पूर्ण चार्ज केला की रात्री झोपेपर्यंत पुरायचा. शनिवारी रात्री अपडेट केलं आणि रविवारी, सोमवारी दुपारी चारलाच वीस टक्क्यांवर आला. खिशात नुसता पडून असतानाही कोमट लागतो. अपडेट करायलाच नको होतं का? (निवृत्त शिक्षक, काचीगुडा)

समाधान : केलंत ते योग्यच केलंत. अपडेट बसलं, फोन चालू झाला म्हणजे काम संपलं असं आपल्याला वाटतं. आत मात्र बरंच काम तेव्हा कुठे सुरू होतं. नव्या प्रणालीवर नीट चालावीत म्हणून फोनमधली अ‍ॅप पुन्हा जुळवून घेतली जातात. गॅलरीतले हजारो फोटो नव्याने चाळून चेहरे, ठिकाणं, मजकूर यांची सूची तयार होते. त्यातच प्ले स्टोअर एकामागून एक अ‍ॅपच्या नव्या आवृत्त्या उतरवून घेत असतं. स्क्रीन काळी असली तरी प्रोसेसर जागा असतो, म्हणून फोन खिशात कोमट लागतो. मोठ्या अपडेटनंतर थोडे दिवस बॅटरीवर असा ताण येऊ शकतो, हे अ‍ॅपलही आपल्या ग्राहकांना सांगते.

दोन-तीन रात्री फोन वायफायवर ठेवून चार्जिंगला लावा, म्हणजे ही कामं रात्रीच उरकतील. मग एक साधी परीक्षा घ्या. रात्री साडेदहाला टक्के लिहून ठेवा, फोन चार्जरला न लावता बाजूला ठेवा आणि सकाळी सहाला पुन्हा बघा. तीन-चार टक्के उतरले तर फोन ठीक आहे. पंधरा-वीस उतरले तर रात्रभर आत कुणीतरी जागं होतं.

ते कोण, हे ‘सेटिंग्ज’मधल्या ‘बॅटरी’त कळतं. तिथली यादी वरवर पाहू नका. प्रत्येक अ‍ॅपवर बोट ठेवलं की ते स्क्रीनवर किती वेळ होतं आणि पडद्यामागे किती वेळ, हे दिसतं. दोन तास यूट्यूब पाहिलं आणि ते यादीत वर आलं, तर त्यात नवल नाही. पण जे अ‍ॅप तुम्ही पाच मिनिटं उघडलं आणि जे पडद्यामागे सहा तास चाललं, ते संशयित. मे २०२५ मध्ये अनेक अँड्रॉइड फोनचं चार्जिंग झपाट्याने उतरत होतं. चूक इन्स्टाग्रामच्या अ‍ॅपमध्ये निघाली, आणि त्याची दुरुस्त आवृत्ती घ्या असं गूगलला सांगावं लागलं. तेव्हा प्रणालीला दोष देण्याआधी सगळी अ‍ॅप अद्ययावत करा आणि फोन एकदा बंद करून चालू करा.

शंका : डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर माझ्या आयफोन १२ ला जी गळती लागली, ती आजतागायत थांबलेली नाही. रोज नागोल ते रायदुर्ग मेट्रोने जातो. ऑफिस गाठेपर्यंत बारा-पंधरा टक्के जातात. अपडेटनेच फोन बिघडवला, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. (आयटी कर्मचारी, नागोल)

समाधान : तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्या अपडेटने तुमच्या फोनमध्ये एक नवं काम सुरू केलं, ते म्हणजे फाइव्ह-जी. हैदराबादेत एअरटेलची फाइव्ह-जी सेवा ६ ऑक्टोबर २०२२ ला आणि जिओची १० नोव्हेंबर २०२२ ला सुरू झाली. तुमच्या आयफोनमध्ये फाइव्ह-जीचा मोडेम पहिल्यापासून होता, पण भारतातल्या नेटवर्कसाठी तो बंद ठेवलेला होता. १३ डिसेंबर २०२२ च्या आयओएस १६.२ ने तो उघडला. म्हणजे एका रात्रीत फोन तोच राहिला आणि रेडिओचं काम वाढलं.

त्यात तुमचा रोजचा प्रवास. मेट्रो धावताना फोन सतत एक टॉवर सोडून दुसरा धरत असतो. सिग्नल क्षीण झाला की मोडेम जास्त जोर लावून बोलतो आणि जास्त वीज खातो. फाइव्ह-जी येतंय-जातंय अशा पट्ट्यात तर फोर-जी आणि फाइव्ह-जीमधली उडी पुन्हा पुन्हा होते. एअरटेलने सुरुवात केली ती फोर-जीच्या आधाराने चालणाऱ्या फाइव्ह-जीने, त्यामुळे अशा जोडणीत फोनला दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. जिओचं फाइव्ह-जी स्वतंत्र आहे, पण सिग्नल तुटला की फोर-जीवर यावं लागतंच.

‘सेटिंग्ज’मध्ये ‘मोबाईल डेटा’त जाऊन ‘फाइव्ह-जी ऑन’च्या जागी ‘फाइव्ह-जी ऑटो’ निवडा. एक आठवडा फक्त प्रवासात फोर-जी ठेवूनही पाहा. फरक पडला तर दोषी सापडला. नाही पडला, तर तुमचा फोन आता चांगलाच जुना झालाय हे मान्य करा. २०२२ मधली त्याची बॅटरी आणि आजची बॅटरी एक नाही.

शंका : कंपन्या नवा फोन खपवण्यासाठी मुद्दाम अपडेटमधून जुन्या फोनची बॅटरी मारतात, असं हॉस्टेलवर सगळे म्हणतात. यात तथ्य किती? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, तार्नाका)

समाधान : अपडेटमधून जुन्या फोनवर मुद्दाम बंधनं घातली गेली आहेत, ही नोंदलेली गोष्ट आहे. ती ‘नवा फोन खपवण्यासाठीच’ घातली, हे मात्र त्याने सिद्ध होत नाही. दोन प्रकरणं नीट पाहा.

पहिलं अ‍ॅपलचं. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. कॅमेरा उघडला, गेम सुरू केला की एकदम जास्त वीज लागते. त्या क्षणी बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं आणि तीस टक्के दाखवणारा फोन बंद पडतो. आयफोन ६ आणि ६एसच्या पिढीत हे होऊ लागलं, तेव्हा जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ मध्ये अ‍ॅपलने तोडगा काढला : बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरचा वेग कमी करायचा. ग्राहकांना मात्र हे नीट सांगितलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये वेग-चाचण्यांच्या आकड्यांवरून ते उघड झालं. २८ डिसेंबरला कंपनीने माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला आणि मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये ‘बॅटरी हेल्थ’चं पान दिलं. आज तुम्ही तिथे जे टक्के बघता, ते या बोभाट्याचं फळ. पुढे इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये अ‍ॅपलला एक कोटी युरो दंड केला. नोट ४ या जुन्या फोनच्या गळ्यात जड अपडेट बांधल्याबद्दल सॅमसंगलाही पन्नास लाख युरो भरायला लावले. फ्रान्सने २०२० मध्ये अ‍ॅपलला अडीच कोटी युरोंचा दंड ठोठावला, तो ग्राहकांना पुरेशी माहिती न दिल्याबद्दल.

दुसरं प्रकरण ताजं आहे आणि जास्त थेट. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ४ए साठी अपडेट सोडलं आणि काही फोनमध्ये बॅटरी किती भरायची याची मर्यादाच खाली आणली. ज्यांच्या फोनला ते लागू झालं, त्यांचं चार्जिंग पूर्वीच्या मानाने फारच लवकर संपू लागलं. जुलै २०२५ मध्ये पिक्सेल ६ए ची पाळी आली. बॅटरी तापण्याचा धोका कमी करण्यासाठी ४०० चार्ज-चक्रांनंतर क्षमता आणि चार्जिंगचा वेग घटवणारं, टाळता न येणारं अपडेट आलं. दोन्ही वेळा कंपनीने मोफत बॅटरी किंवा भरपाईची योजना जाहीर केली. हे दोन्ही फोन भारतातही विकले गेले होते.

पेटू शकणारी बॅटरी कमी भरणं हा सुरक्षिततेचा निर्णय आहे, आणि तो चूक नाही. तो ग्राहकाला न सांगता घेणं चूक आहे. तुमच्या फोनवर असं बंधन आलं असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राकडून लेखी उत्तर घ्या. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

शंका : अपडेटच्या आदल्या दिवशी बॅटरी हेल्थ ८९ टक्के होती, दुसऱ्या दिवशी ८६. एका रात्रीत तीन टक्के बॅटरी गेली कुठे? (बँक कर्मचारी, कुकटपल्ली)

समाधान : कुठेही गेली नाही, बदलला तो हिशोब. बॅटरीत किती जीव उरलाय हे थेट मोजता येत नाही. आत-बाहेर गेलेली वीज, व्होल्टेज, तापमान यांवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. अपडेटमध्ये त्या अंदाजाची रीत सुधारली की आकडा वर-खाली होतो. एप्रिल २०२१ च्या आयओएस १४.५ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ११ मालिकेच्या बॅटरीचा हा हिशोब मुद्दाम नव्याने मांडला होता, कारण काही फोन चुकीचा आकडा दाखवत होते.

तेव्हा आकड्यापेक्षा तास मोजा. तेच काम, तीच स्क्रीन, आणि फोन किती वेळ टिकतो? वेळ तीच असेल तर ८६ बघून झोप उडवू नका. आकडा ८० च्या खाली गेला आणि वेळही घटली, तर बॅटरी बदलायची वेळ झाली. आयफोन १४ पर्यंतच्या फोनमध्ये ५०० पूर्ण चक्रांनंतर ८० टक्के क्षमता उरावी अशी रचना आहे, १५ मालिकेपासून हा आकडा १,००० चक्रांचा झाला. युरोपीय संघाने तर जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनना ८०० चक्रांनंतर ८० टक्क्यांची अट घातली आहे. आज पन्नास टक्के वापरलं, भरलं आणि उद्या पुन्हा पन्नास वापरलं, की एक चक्र पूर्ण होतं.

शंका : मी मूळचा नांदेडचा, इथे दुचाकीवर पार्सल पोचवतो. एप्रिलअखेर फोनचं अपडेट केलं आणि मे महिन्यात बॅटरी पार बसली. आता तर स्क्रीनची एक कड उचलल्यासारखी वाटते. अपडेट काढून टाकता येईल का? (दिलसुखनगर)

समाधान : कड उचलली असेल तर आधी हे करा : फोन चार्जिंगला लावणं आजच थांबवा. बॅटरी फुगली आहे. तिला दाबू नका, टोचू नका, फोन उशीजवळ ठेवून झोपू नका.

अपडेटचं म्हणाल, तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. एप्रिलअखेर हैदराबादचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हाच तुम्ही अपडेट केलंत. तुमचा फोन हँडलवरच्या स्टँडमध्ये दिवसभर उन्हात असतो. नकाशा चालू, जीपीएस चालू, डेटा चालू, उन्हात दिसावं म्हणून उजेड पूर्ण वाढवलेला, आणि बहुतेक खिशातल्या पॉवर बँकेची वायरही जोडलेली. अ‍ॅपलसारखी कंपनी फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते, आणि त्याहून जास्त उष्णतेत बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते असंही बजावते. तुमचा फोन त्याच्या कितीतरी वर, तेही चार्ज होत असताना. शिवाय रोज दीड चक्र धरलं तर अकरा महिन्यांत पाचशे चक्रं होतात. ज्या बॅटरीला घरात दोन-तीन वर्षं लागली असती, तिचं आयुष्य तुमच्याकडे वर्षाच्या आत संपतं.

बॅटरी बदलून घ्या. आबिड्सच्या जगदीश मार्केटमध्ये जाणार असाल तर बॅटरी कुठल्या दर्जाची, वॉरंटी किती, हे बिलावर लिहून घ्या. अगदी स्वस्तातली बॅटरी तुमच्या धंद्यात महागात पडेल. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता दुकानात किंवा सेवा केंद्रातच द्या. पुढच्या उन्हाळ्यात स्टँडला सावलीची टोपी लावा, वाट पाठ असेल तिथे स्क्रीन बंद ठेवून फक्त आवाजावर नकाशा ऐका, आणि चार्जिंग सावलीत थांबल्यावर करा.

थोडक्यात उत्तरं

*जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं का?* आयफोनवर नवी आवृत्ती आल्यानंतर थोड्याच दिवसांत तो रस्ता बंद होतो. अँड्रॉइडवर बहुतेक वेळा फोन पूर्ण पुसावा लागतो, काहींत तेही शक्य नसतं. त्या खटाटोपापेक्षा पुढच्या दुरुस्ती-अपडेटची वाट पाहिलेली बरी.

*बॅटरी वाचवणारं अ‍ॅप घेऊ का?* नको. ते स्वतःच दिवसभर जागं राहतं आणि जाहिराती दाखवतं.

*मागची सगळी अ‍ॅप सारखी पुसून टाकतो, ते बरोबर?* नाही. तीच अ‍ॅप पुन्हा मुळापासून उघडायला जास्त वीज लागते.

*मग अपडेट बंदच ठेवलं तर?* मोठी, नव्या क्रमांकाची आवृत्ती आली तर आठ-पंधरा दिवस थांबायला हरकत नाही. पहिल्या आवृत्तीतल्या चुका तोवर निस्तरतात. सुरक्षेचं महिन्याचं अपडेट मात्र लांबवू नका. ज्या फोनवरून यूपीआयने पैसे जातात, त्याचं दार दोन तास जास्त चार्जिंग टिकावं म्हणून उघडं ठेवणं परवडणारं नाही.

पुढच्या वेळी पत्र लिहिताना चार गोष्टी जरूर कळवा : फोनचं मॉडेल, खरेदीचं वर्ष, अपडेटची तारीख आणि बॅटरीच्या यादीतली वरची पाच नावं. एवढं असलं की अंदाज बांधत बसावं लागत नाही.