उडी मारणारा बाण

आमच्या रत्नागिरीत घरे जांभ्या दगडाची असतात. मी त्यावर निबंध लिहिला होता. एके दिवशी शाळेच्या संगणकावर ती फाइल उघडायला गेले. बोट माउसच्या बटणावर होते. तोच पडद्यावरचा बाण उडी मारून भलतीकडे गेला. पाहते तो फाइल गायब! दोन आठवड्यांची मेहनत! मला रडूच कोसळले.

आपा धावत आल्या. म्हणाल्या, "रडू नकोस. कंट्रोल आणि झेड एकदम दाब." मी दाबले. फाइल जागेवर परत आली! ती पुसली गेली नव्हती. बाणाबरोबर ओढली जाऊन शेजारच्या फोल्डरमध्ये पडली होती.

मग आपांनी माउस उलटा केला. त्याच्या पोटाशी बारीक दिवा होता. त्याच्या उजेडात टेबलावरच्या सूक्ष्म खुणा टिपून माउस आपली हालचाल ओळखतो. आमचे टेबल चकचकीत; शिवाय भोकात तांबडी धूळ. ज्याच्यावर निबंध, त्याचीच धूळ आडवी आली! आपांनी ती कोरड्या कापडाने पुसली आणि माउसखाली साधा कागद ठेवला. बाण सरळ चालू लागला.

"आमच्या वेळी माउसमध्ये रबरी गोळी असे," आपा म्हणाल्या. "धूळ चिकटली की तीही अडखळे. तेव्हा आम्ही कळफलकावरच्या बाणांनी फाइल निवडायचो आणि एंटर दाबून उघडायचो."